सातही मणी वर

देवीदास रामटेके बाथरूममध्ये उताणे पडले होते. अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस वाळून गेला होता.

दीक्षा गजभिये दारातच थबकली. मग वाकून तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. गार. डोकं बेसिनखाली होतं आणि बेसिनच्या कडेला रक्त सुकलं होतं. उजवा गाल गुळगुळीत. हनुवटीच्या कोपऱ्यावर ब्लेडचा बारीक काप, तिथून कानाकडे गेलेला वाळका ओघळ. रेझर उजव्या हातापाशी. डावा हात छातीवर, त्याला फेसाचा ठिपकाही नाही. खिळ्याला लटकलेल्या दोऱ्यावर सातही मणी वर.

तिने ठाण्याला फोन लावला.

दीक्षा अंध माणसांना रोजची कामं शिकवायची. रेल्वेतून निवृत्त झालेल्या देवीदासांची नजर चार वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली. तेव्हापासून त्यांचे गाल कायम कापलेले असत. ब्लेडची धार गेली, गंज चढला, हे त्यांना दिसायचं नाही. कातडी सोलल्यावरच कळायचं. म्हणून तिने दोऱ्यात सात मणी ओवून दिले होते. फेस लावण्याआधी एक मणी खाली ओढायचा. सातवा खाली आला की त्या दाढीनंतर ब्लेड फेकायचं, नवीन लावायचं, मणी वर सरकवायचे. म्हाताऱ्याने हा नियम एक दिवसही मोडला नव्हता.

आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. "पोरी, उद्या दहाले ये. मले एका ठिकानी घेऊन चाल." कुठे, ते सांगितलं नव्हतं.

ठाणेदार शिशिर साहूंनी तासाभरात मत बनवलं. देवीदासांची बायको सत्यभामा मुलीच्या बाळंतपणाला गोंदियाला गेलेली. मुलगा यशदीप बीरगांवच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. गेटवरच्या मशीनवर त्याचा अंगठा सातला उमटलेला. आंधळा माणूस रोजच्यासारखा साडेसातला दाढीला उभा राहिला, पाय घसरला. डॉक्टरांनीही मृत्यूची वेळ पाच ते नऊच्या दरम्यानची सांगितली.

यशदीप धावत आला तेव्हा रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"तुम्ही निघालात तेव्हा काका काय करत होते?" दीक्षाने विचारलं.

"झोपून होते. मी सव्वासहाले निघालो, उठवलं नाही."

"घरात आणखी कोण होतं?"

"कोणीच नाही, दीदी. काहून विचारून राहिल्या?"

 मृताच्या खिशातला एक जाड कागद ठाणेदारांनी दीक्षापुढे धरला. त्यावर नुसते टोचलेले ठिपके होते. तिने बोटं फिरवली. ब्रेलमध्ये लिहिलं होतं: शांता, बीरगांव, शाळेमागे.

दुपारी ती तिथे गेली. शांताचा नवरा बारा दिवसांपूर्वी मिलमध्ये क्रेनखाली चिरडून मेला होता. लोखंडी दोर तुटला. मिलवाले म्हणाले, दोर धड होता, माणूसच चुकीच्या जागी उभा राहिला. देवीदासांचा फोन आदल्या दिवशी, रविवारी, शांतालाही आला होता. दोर झिजलेला होता, हे मुलाला फोनवर बोलताना आपण ऐकलंय, असं ते म्हणाले होते. उद्या तुमच्यासोबत ठाण्यात येतो, असंही.

"दोर तपासून सही कोणाची होती?"

"सुपरवायझर रामटेके साहेबांची," शांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा परतली. घरातल्या पुढच्या खोलीत ती, यशदीप, ठाणेदार आणि दीक्षा बसले. दाराबाहेर दोन शिपाई होते.

"काकांनी काल दाढी केलीच नाही," दीक्षा म्हणाली. "सातही मणी वर होते. म्हणजे परवा नवीन ब्लेड लागलं आणि त्यानंतर कोणी मणी ओढला नाही. काका आधी मणी ओढत, मग फेस लावत."

"विसरले असतील," यशदीप म्हणाला.

"डाव्या हाताची बोटं गालावर ठेवल्याशिवाय त्यांना ब्लेड कुठे आहे ते समजत नसे. त्या हाताला फेस लागलाच नव्हता. दाढी दुसऱ्याने केली, आणि ते आडवे पडलेले असताना. उभ्या माणसाला कापलं तर रक्त गळ्याकडे येतं. त्यांचं कानाकडे गेलं."

दीक्षा यशदीपकडे वळली.

"पडलेल्या माणसाची दाढी करायची कशाला? ते साडेसातला जिवंत होते असं दिसावं म्हणून. त्याचा फायदा एकालाच होता. सव्वासहापर्यंत जो घरात होता आणि साडेसातला दुसरीकडे होता, त्याला. मण्यांचं काय असतं, हे मात्र त्याने कधी विचारलंच नव्हतं."

यशदीपने आईकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत बोलायला लागला. पहाटे बेसिनपाशी दात घासताना बाबांनी ठाण्यात जायचं सांगितलं. तो विनवण्या करत राहिला. नवीन दोर मागितला तर मालक हाकलून देत होता, सही त्याने नोकरीसाठी केली होती. बाबा ऐकेनात. एक धक्का, बस एकच. डोकं आपटलं ते आपटलंच.

"मग वाटलं, आता दोन्ही प्रकरणं माझ्यावरच येतील," तो म्हणाला. "ते तर गेलेच होते."

दीक्षाला पुढचं बोलावंसं वाटेना. पण ते ठाणेदारांच्या हातातल्या शवविच्छेदनाच्या कागदावर होतंच, आज ना उद्या सगळ्यांना कळणार होतं.

"गेले नव्हते," ती हळू म्हणाली. "मेलेल्या माणसाचं रक्त असं वाहत नाही. डॉक्टरांनीही तेच लिहिलंय. पडल्यानंतर काका तासभर तरी जगले. तुम्ही ब्लेड फिरवत होतात तेव्हा ते बेशुद्ध होते, यशदीप भैया."



सत्यभामा सकाळपासून पहिल्यांदा बोलली. "श्वास पाह्यला होता काय तू त्यायचा?"

तिने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"नाकापाशी हात धरून पाह्यलं होतं काय?"

"नाही, आई."

तिने पदराने तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शिपायांसाठी स्वतःच दार उघडलं.