शेजाऱ्याच्या तोंडावरचा कोट

दिवा राहू द्या तसाच. डोळ्यांवर येतोय खरा, पण हे उजेडात सांगितलेलं बरं.

माझा धंदा साधा होता. बाटल्यांना बुचं बसवणारी यंत्रं विकायची आणि ती बिघडली की गिऱ्हाइकाची समजूत काढायला जायचं. गिऱ्हाइकं सगळी महासागरापलीकडची, त्यामुळे महिन्यातून दोन खेपा ठरलेल्या. विमान कंपनी एकच आणि जागाही एकच. मधल्या भिंतीमागची पहिली रांग, वाटेच्या कडेची खुर्ची. समोर पाय पसरता येत आणि भिंतीला कोट अडकवायला खुंटी होती. तिथली सगळ्यात जुनी हवाई सुंदरी, मी तिला ताई म्हणायचो, तिने माझं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं. मला कधी काही मागावं लागत नसे.

घरी मात्र माझा असा थाट नव्हता. पाच वर्षांची लेक शाळेत सांगायची की आमचे बाबा आकाशात असतात. एकदा तिच्या बाईंनी बायकोला भेटून सांत्वन केलं. बायको घरी येऊन पोट धरून हसली होती. पुढे पुढे तिला त्याचं हसू येईनासं झालं. शेवटच्या खेपेला मी परत निघताना तिने फोनवर सांगितलं, "आज रात्री जेवायला घरी हवेत तुम्ही. नसलात तर मी हिला घेऊन दादाकडे जाते, आणि परत यायची नाही." आवाज चढवला असता तर मी हो हो म्हणून सोडून दिलं असतं. पण बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

विमान दिवसाचं होतं. पश्चिमेकडे जाताना सूर्य बरोबरच चालतो, दिवस संपता संपत नाही. म्हणून जेवणं उरकली की सगळ्या खिडक्यांच्या झडपा ओढून घेतात आणि भर दिवसा अंधार करून लोकांना निजवतात. खिडकीपाशी माझ्याच अंगकाठीचा एक गृहस्थ होता. पातळ सदरा, कपाळावर घाम.

"जागा बदलाल का?" तो म्हणाला. "आत कोंडल्यासारखं होतं. आणि मला लवकर उतरायचंय. घरी जायचंय."

"विमान सगळ्यांना एकदमच उतरवतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. ती जागा मी आजवर कोणालाही दिली नव्हती, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी उठून खिडकीशी बसलो. कोट खुंटीलाच राहिला. घरात जशी आपली चप्पल कोणाच्या अध्यातमध्यात नसते, तसा तो तिथला होता. काढून घ्यावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

जाग आली ती ताईचा हात खांद्यावर पडला तेव्हा. विमानात काळोख होता.

"मोठ्याने बोलू नका," ती पुटपुटली. "तुमचे शेजारी... गेले."

प्रवाशांतल्या एका डॉक्टरने बघून सांगितलं होतं, करण्यासारखं काही उरलेलं नाही. विमान गच्च भरलेलं, कुठे हलवायलाही जागा नाही. अशा वेळी माणसाला त्याच्याच खुर्चीत ठेवतात. अंगावर पांघरूण, त्यावरून पट्टा, आणि बाकीच्यांचा समज होऊ द्यायचा की झोपलाय. "तुम्ही तर आमच्या घरचे," ताई म्हणाली. "उतरेपर्यंत तेवढं सांभाळून घ्या."

मी मान हलवली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचं तोंड त्यांनी माझ्या कोटाने झाकलं होतं. समोर टांगलेला, तेव्हा त्याचाच असणार, असं वाटलं असेल त्यांना. आतल्या खिशात माझा पासपोर्ट होता, फोन होता, घराची किल्ली होती. हात लांबवला असता तर कोट निघाला असता. मी दोनदा हात उचलला आणि दोन्ही वेळा मांडीवर ठेवला. मेलेल्या माणसाचं तोंड उघडं करायचं म्हणजे... नको वाटलं. उतरल्यावर ताईच काढून देईल, म्हटलं.

मग बसून राहिलो. इंजिनाची घरघर एकसारखी चालू होती. कोटाला आमच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता, तो अधूनमधून नाकाशी येई. त्या वासाने घरची आठवण झाली, आणि डोळे मिटत चालले.

आता माझी एक सवय तुम्हाला सांगायला हवी. फार फिरणाऱ्या माणसाला शेजारी काय विचारणार ते पाठ असतं. तो विचारतो, आपण मान न वळवता, डोळे न उघडता उत्तर देतो. झोपेतसुद्धा देतो. त्यात बोलणारा कोण आहे, हे बघायची गरज पडत नाही.

"घरी कोण कोण?"

"बायको. मुलगी."

"वाट बघत असतील..."

"आज जेवायला पोचायलाच हवं," मी म्हणालो. "नाहीतर संपलंच सगळं."

"लांब आहे घर?"

मी रस्ता सांगितला. पेट्रोल पंपावरून डावीकडे, शाळेच्या कुंपणाला लागून, वरचा मजला. बेल वाजवू नका, किल्लीने उघडा, मुलगी दचकते, हेही सांगितलं.

"त्यांना... काय आवडतं?"

"मुलीला झोपताना गोष्ट लागते. बायकोला... तिचं बोलणं कोणी बसून ऐकलं की पुरतं."

"ऐकेन," तो म्हणाला.

तेव्हा मी डोळे उघडले. पांघरूण जसंच्या तसं, पट्टा घट्ट, तोंडावर माझा कोट. मी टक लावून बघत राहिलो. तोंडापाशी कापड हळूहळू आत ओढलं गेलं... खोल... आणि बाहेर आलंच नाही. ताईला हाक मारणार, तोच तिचं 'मोठ्याने बोलू नका' आठवलं. त्याला ओलांडून बाहेर पडायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी झडपेकडे तोंड करून डोळे गच्च मिटून घेतले आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत तसाच राहिलो.

दिवे लागले. माणसं उतरू लागली. मी वळून बघितलं. पट्टा लावलेलाच होता, त्याखाली पांघरूण पडलं होतं, आणि पांघरुणाखाली कोणीच नव्हतं. कोटही नव्हता. ताई आली, तिने खुर्ची पाहिली, पांघरूण उचललं आणि वाकून खुर्चीखाली बघितलं.

मला विमानतळावरच्या एका खोलीत नेलं. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. अधिकारी शांत माणूस होता. मी माझं नाव सांगितलं, त्याने ते समोरच्या पडद्यावर शोधलं.

"हे साहेब तर केव्हाच बाहेर पडले," तो म्हणाला. "पासपोर्ट बघितला, चेहरा जुळला."

"ते साहेब म्हणजे मी."

"असं कसं?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मग पडद्याकडे. "तुमचा चेहरा नाही जुळत."

खिडकीबाहेर ऊन उतरत चाललं होतं. मी गयावया केली, हात जोडले. शेवटी कंटाळून त्याने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

बायकोने उचलला. ती हसत होती. तिचं हसू मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"मी म्हणजे कोण?"

मी माझं नाव घेतलं. "कोण हवंय तुम्हाला?" तिने आवाज हलका केला. "हे घरीच आहेत हो. आज पहिल्यांदा वेळेवर आलेत, मघापासून माझं ऐकत बसले होते. आत्ता कुठे डोळा लागलाय. कामाचं काही असेल तर उद्या बोला."

"ऐक माझं... पोरीला उचल आणि बाहेर पड. आत्ताच्या आत्ता..."

माझा आवाज तिला ओळखू येत नव्हता. मला रडू फुटलं. तेवढ्यात तिच्या मागून लेकीचा आवाज आला, गंमत सापडल्यासारखा.

"आई, इकडे ये ना! बाबांच्या छातीला कान लावला... आत काहीच वाजत नाहीये."

"हळू गं," बायको म्हणाली. "जागे होतील ते." आणि तिने फोन ठेवला.