मोकळं वर्तुळ

ट्रली या आयरिश गावाबाहेरच्या वसाहतीत, घरामागच्या बागेत येणाऱ्या पक्ष्यांची नोंद वृंदा डिसेंबरपासून ठेवत होती. हिवाळी पक्षीमोजणीचा फॉर्म साधाच होता: तारीख, वेळ, जात, एका वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या. ‘शेरा’ हा रकाना तिने स्वतः आखून घेतला होता. ती औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होती. तिथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतात. जे लिहिलं नाही ते घडलं नाही. आणि चुकलं तर गिरवायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख.

पाखरांचा नाद तिला वडिलांचा. पद्माकरराव नागपुरात रोज सकाळी गॅलरीत चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवत, आणि चिमण्या त्यांच्या पायात येत. त्यांना एकदा बर्फ बघायचा होता. तीन वर्षं ते ‘येतो’ म्हणत होते आणि तीन वर्षं वृंदा ‘पुढच्या हिवाळ्यात नक्की’ म्हणत होती.

जानेवारीत ते गेले. तिचं रेसिडेन्स कार्ड नूतनीकरणाला गेलेलं. देश सोडला असता तर परत येणं अवघड. ती गेली नाही.

दहाव्याच्या आदल्या रात्री बर्फ पडला. केरी परगण्यात तो वर्षानुवर्षं पडत नाही, यंदा वीतभर साचला. तिचा नवरा शैलेंद्र सँडीफोर्डला ऑफिसच्या कामासाठी गेला होता, तो तिकडेच अडकला. सकाळी नऊला धाकट्या भावाचा, आशुतोषचा, घाटावरून व्हिडिओ कॉल आला. नागपूरला दुपारचे अडीच वाजले होते.

“दोन तास झाले, ताई. वाट पाहून राहिलो. झाडावर पंचवीस कावळे आहेत, पण एक खाली उतरत नाही.”

“काही बोललास का त्यांना?”

“सगळं बोललो. आईला सांभाळतो, गाडी विकत नाही, सगळं. गुरुजी म्हणतात, नाव-गोत्र घेऊन म्हणा. तेही झालं. आता थोड्या वेळात दर्भाचा कावळा करतील अन् शिवतील.”

वृंदाला ठाऊक होतं काय राहिलं ते. कुकरमध्ये रात्रीचा भात होता. तिने त्याचा गोळा केला, बूट चढवले आणि फोन ओट्यावर ठेवून ती बागेत गेली. बागेच्या टोकाला, घरापासून बारा मीटरवर, एक कुंडी पालथी घातलेली होती. तिच्यावर वृंदाने गोळा ठेवला. बाबांचं नाव घ्यायला तिने तोंड उघडलं. नाव उमटलंच नाही.

“या,” ती म्हणाली. “इकडे या. घर तुमचंच आहे.”

करड्या पाठीचा इथला कावळा कुंपणावरून लगेच उतरला. त्याने तीन घासांत गोळा संपवला.

ती धावत आत आली. “आशू, शिवला! इथे शिवला.”

“तिकडचा चालतो का, गुरुजींना विचारावं लागेल,” आशुतोष रडता रडता हसला. कॉल तुटला.

त्या दिवशी तिने शेऱ्यात लिहिलं: ‘बाबा.’

दुसऱ्या दिवशी पारा उणे सहावर गेला आणि बागेत पाखरांची झुंबड उडाली. स्टार्लिंग, ब्लॅकबर्ड, चिमण्या, कधी न येणारे रेडविंगसुद्धा. तिने दाणे सगळीकडे सारखे फेकले होते. तासाभराने तिच्या लक्षात आलं की कुंडीभोवतीचे दाणे तसेच आहेत. पाखरं त्यांच्या कडेपर्यंत येत, थांबत, वळत. ती टेप घेऊन गेली. कुंडीपासून सगळ्या बाजूंना तीन मीटर. बर्फावर पाखरांच्या पावलांची जाळी होती आणि मध्ये एक स्वच्छ वर्तुळ. तिच्या बुटांचे सोडले तर आत एकही ठसा नव्हता, कोणाचाच.

शेजारच्या मॉरा भिंतीवरून बघत होत्या. सत्तरीच्या बाई, जन्म याच गावात गेलेला.

“तुमचं मांजर येतं का हो इकडे?” वृंदाने विचारलं.

“मांजर असतं तर उडून गेली असती गं. ही तर वाट सोडतायत.” मॉरा हसल्या नाहीत. “तू ठीक आहेस ना? एकटीच आहेस?”

“मी ग्रँड आहे,” वृंदा इथल्या लोकांसारखं म्हणाली. आणि खरंच होती. दहा दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं होतं. बाबा बर्फात उभे होते, मनसोक्त बघत होते.

बाराव्या दिवशी सकाळी वर्तुळ कुंडी सोडून पुढे आलं होतं. मध्य घराच्या भिंतीपासून सात मीटरवर. दुपारी चार मीटरवर. त्रिज्या तीच, तीन. तिने पानावर बागेचा नकाशा काढून तिन्ही बिंदू जोडले. रेघ सरळ मागच्या दारावर येत होती.

तिने दोन कप चहा केला. एक जेवणाच्या टेबलावर आपल्यासमोर, दुसरा पलीकडच्या खुर्चीसमोर. मग मागचं दार उघडलं.

“चहा गार होतोय,” ती म्हणाली. “आत या.”

गारठा आत आला. तिने बराच वेळ दार लावलं नाही.

तेरावा दिवस. कोवळं ऊन पडलं होतं. वृंदा खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत वही घेऊन बसली. पलीकडे दुसरा कप होता. आशुतोषचा फोन आला.

“जेवणं उरकली, ताई. सगळं नीट झालं. एक सांगायचं राहिलं. रागावू नको.”

“बोल.”

“त्या दिवशी तुझा फोन कटला ना, तेव्हा गुरुजींनी दर्भ हातात घेतले होते. तेवढ्यात आई पुढे आली. म्हणाली, ‘चिमण्यांचं पाणी दहा दिवस कुणी भरलं नाही, आता मी भरीन.’ अन् नाव घेतलं त्यांचं. पद्माकर. आयुष्यात पहिल्यांदा. शब्द तोंडातून निघाला नाही तोच कावळा पिंडावर!”

वृंदाने पलीकडच्या कपाकडे पाहिलं.

“तू म्हणालीस तिकडे शिवला. म्हटलं, तुझं मन कशाला मोडायचं. पण बाबा इथनंच सुटले, ताई. सुखानं गेले.”

“बरं झालं,” ती म्हणाली. आवाज नीट निघाला. फोन ठेवला.

चिमण्या बाबांच्या पायात यायच्या.

तिने बाहेर पाहिलं. बाग पाखरांनी भरली होती. कुंडीवर, कपडे वाळवायच्या तारेखाली, सगळीकडे. आज मध्ये कुठेच वर्तुळ नव्हतं.

फक्त भिंतीलगत पाखरं नव्हती. त्यांची कड कमानीसारखी वळली होती. सर्वांत लांबचं टोक भिंतीपासून दोन फरश्यांवर. फरशी एक मीटरची.

त्रिज्या तीन. बाहेर दोन. तिने आकडा लिहिला नाही. भिंतीच्या आत एक मीटरवर पलीकडची खुर्ची होती.

तिने वही जवळ ओढली. तीन दिवसांच्या शेऱ्यांत तीनदा ‘बाबा’ होतं. प्रत्येकावर एकेक रेघ मारली. बाजूला सही. तारीख. खालचं वाचता येत होतं. दुरुस्त नोंद लिहायला तिने पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

बाहेर हालचाल झाली. कोणी उडालं नाही. कमानीच्या उजवीकडची पाखरं टुणटुणत पुढे सरकली, भिंतीच्या दिशेने. डावीकडची मागे हटली.

तिची खुर्ची डावीकडे होती.

तिने पलीकडच्या खुर्चीकडे मान वळवली नाही. डावीकडची पाखरं आणखी एक पाऊल मागे हटली.