मागच्या दाराचा दिवा

आमच्या गॅरेजात ती गाडी दोनदा आली. आधी जुनी आली, टेम्पोच्या मागे दोर बांधून ओढत. मग नवी आली, खोक्यांमधून. खोक्यांत लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, दोन सीटा आणि बारीक अक्षरातलं माहितीपुस्तक होतं. बाकीचं सगळं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि वायरिंग, जुन्या गाडीतून काढून घ्यायचं. एक गाडी उसवून दुसरी शिवायची, असा तो उद्योग. शेवटी जे तयार होणार ते बिनछपराचं, दोन माणसांपुरतं वाहन. त्याला दारंही नाहीत. बाजूवरून पाय टाकून आत उतरायचं. या वयात आम्ही दोघं अशा टांगा टाकणार म्हटल्यावर माझी नणंद पोट धरून हसली होती.

हसली, पण हे खूळ डोक्यात भरवलं तिनेच. कारण तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, बोलायचा बंद झाला होता. कारखाना बंद पडला, ड्रॉइंग ऑफिसला कुलूप लागलं आणि हे घरी येऊन खिडकीपाशी बसले ते बसलेच. भांडले असते, रडले असते, तर मी निभावून नेलं असतं. पण हे नुसतं 'हं' म्हणायचे. जेवायला वाढू? हं. खिडकी लावू? हं. पूर्वी हाच माणूस भाजी चिरता चिरता पुलांच्या खांबांवर व्याख्यान द्यायचा आणि मी कान किटले म्हणून ओरडायचे. आता घरातली शांतता मला खायला उठायची. मी उगाच भांडी वाजवत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे.

"वहिनी, त्याच्या हाताला काम दे," नणंद म्हणाली. "आणि एकदा दिलंस की मध्ये मोडता घालू नकोस. परत तो खिडकीशी बसला ना, तर उठायचा नाही."

मी गाड्यांचं वायरिंग करते. मोटारींच्या पोटात डोकं खुपसून माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली: लोखंड त्यांचं, तांबं माझं.

यांचा पहिला शब्द एका गंजलेल्या नटाला उद्देशून होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण ऐकून माझा जीव भांड्यात पडला. हळूहळू शब्दांना शब्द जोडले गेले. सांगाडा लाकडी घोड्यांवर चढला तेव्हा हे मला वजनाचं गणित समजावत होते आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, ते न कंटाळता ऐकत होते.

वायरिंगच्या बाबतीत माझी एक सवय आहे. माहितीपुस्तकात लिहिलं होतं की जुन्या गाडीच्या वायरिंगमधले नको असलेले फाटे सुरुवातीलाच कापून टाका. मी कापत नाही. सगळं सुरळीत चालू होईपर्यंत मी एकही वायर तोडत नाही. नको असलेल्या टोकांना टेप गुंडाळते आणि बांधून ठेवते. तसंच दारांच्या वायरींचं केलं. चार दारांच्या चारही वायरी दोन सीटांच्या मागे, पेट्रोलच्या टाकीवरच्या फळीखाली बांधून ठेवल्या. वेगाचा आणि पेट्रोलचा काटा असलेलं पॅनेलही जुनंच बसवलं. त्यावर वरून पाहिलेल्या गाडीचं इवलंसं चित्र होतं. जे दार उघडं असेल तिथे चित्रात लाल दिवा लागायचा. आता दारंच नव्हती, तेव्हा ते चित्र नुसतं शोभेला राहणार होतं.

बॅटरी पहिल्यांदा जोडली ती एका रविवारी दुपारी. पुढचे दिवे लागले, हॉर्न वाजला. यांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. मी पॅनेलकडे पाहत होते. चित्रातल्या मागच्या डाव्या दाराचा दिवा लागला. जरा वेळ राहिला आणि विझला.

"कुठेतरी चिकटतंय," मी म्हणाले.

"हात लागला असेल तुझा."

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी फळीखालची टोकं काढून पाहिली. टेप जशीच्या तशी, वायर कोरडी, कुठे लोखंडाला टेकलेली नाही. दाराचा मामला साधा असतो. दार उघडलं की चौकटीतलं बटण सुटतं, वायर गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि दिवा लागतो. दार लावलं की विझतो. यात गूढ वगैरे काही नाही. मी टोकं पुन्हा बांधली, मीटर लावून तपासलं आणि स्वयंपाकाला गेले.

पुढच्या वेळी बॅटरी जोडली आणि तोच दिवा लागला. विझला. संध्याकाळी हत्यारं आवरताना पुन्हा लागला, पुन्हा विझला. मग ते रोजचंच झालं. काम सुरू करताना एकदा, थांबवताना एकदा. मध्ये कितीही ठोका, वेल्डिंग करा, गाडी हलवा, तो दिवा ढिम्म. बिघाड असा वेळ पाळत नाही. बिघाड हादऱ्याने होतो, ओलीने होतो. हा दिवा, एखादा माणूस दार उघडून आत बसेल आणि दार ओढून घेईल, बरोबर तेवढाच वेळ राहायचा.

मला गॅरेजात बसवेना. सीटांकडे पाठ करून मी काम करेनाशी झाले. स्क्रू ड्रायव्हर शोधायच्या निमित्ताने चार वेळा वळून बघायचे. हे मात्र दिवसेंदिवस खुलत होते.

शेवटी मी माझा नियम मोडला. हे आंघोळीला गेलेले पाहून पॅनेलच्या मागे हात घातला आणि त्या दिव्याची वायर अगदी मुळाशी कापली. दिव्याला आता काहीही जोडलेलं नव्हतं. बॅटरी लावली.

दिवा लागला. विझला.

मी कटर हातात घेऊन किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. विजेवरचा माझा विश्वास देवावरच्यापेक्षा जास्त आहे. कोणी माझ्याच घरात माझ्या तोंडावर खोटं बोलावं, तसं मला झालं.

जुनी गाडी ज्याच्याकडून आणली त्या भंगारवाल्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. गाड्यांच्या ढिगाऱ्यामध्ये खुर्ची टाकून तो चहा पीत होता.

"ती गाडी कोणाची होती?" मी विचारलं.

"बेवारस होती हो ताई. लिलावात उचलली. का, इंजिन त्रास देतंय?"

"इंजिन झकास आहे. मागचं डावं दार..."

त्याने कप खाली ठेवला. "ते दार तुम्हाला लागणार नव्हतंच ना? तुमची तर दोन सीटांची."

"लागणार नव्हतं. नुसतं विचारते."

"ते बंदच राहायचं नाही," तो म्हणाला. "आडरस्त्याला उभी सापडली, चावी आत, तेवढं एक दार सताड उघडं. आणताना दोरीने बांधलं, तरी वाटेत उघडलं. शेवटी काढून टाकलं आणि पहिल्यांदा तेच वितळवायला पाठवलं." मग कप पुन्हा उचलत त्याने विचारलं, "साहेब बरे आहेत ना? गाडी न्यायला आले तेव्हा एक शब्द बोलले नाहीत."

"आता बोलतात," मी म्हणाले.

"मग झालं तर. चालू द्या."

परत येताना मी ठरवलं होतं की यांना सगळं सांगायचं आणि गाडी आहे तशी विकून टाकायची. गॅरेजात शिरले तर हे मडगार्ड घासत शीळ घालत होते. किती काळाने शीळ! मला पाहून म्हणाले, "अगं, कुठे होतीस? तुला एक गंमत सांगायची राहिलीय." माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

मग मी केलं ते वायरिंग करणारं कोणीही हसेल असं होतं. पॅनेल उघडून तो दिवाच उपटला आणि एप्रनच्या खिशात टाकला. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण दिसणार नाही तर डोक्यात येणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. त्या दिवसापासून मागचं दार केव्हा उघडतं आणि केव्हा लागतं हे कळायची सोय उरली नाही.

बॉडी बसली, रंग लागला, गाडी चाकांवर उतरली. सपाट फरशीवर ती मागून डावीकडे किंचित बसलेली दिसत होती. मी टायरमधली हवा पाहिली. हवा बरोबर होती. दोन दिवसांनी पाहते तर यांनी त्या बाजूला जाड स्प्रिंग टाकली होती.

"एकाच बाजूला का?" मी विचारलं.

"तिकडे वजन आहे."

"तिकडे काय आहे? टाकी मधोमध, बॅटरी पुढे."

"वजन आहे म्हणून तर बसते ना गाडी," हे म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, की मलाच माझा प्रश्न मूर्खासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी सीटांमागच्या फळीवर एक उशी दिसली. डाव्या बाजूला. खोक्यांतल्या उरलेल्या कापडाची शिवली होती, अगदी नीट, कडेला दुहेरी शिलाई घालून. मनात पाल चुकचुकली, पण वरच्या मजल्यावरची ती खिडकीही डोळ्यांपुढे आली, आणि मी गप्प बसले.

तपासणी झाली, नंबर मिळाला. नणंद सकाळीच बघायला आली, गाडीभोवती दोन चकरा मारून डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, जिंकलीस गं," आणि कामावर गेली.

आम्ही पाय टाकून आत उतरलो. दोघांचीही त्रेधा उडाली आणि दोघंही हसलो. यांनी आरसा धरला आणि खाली वळवला, डावीकडे.

"अहो, त्यातून रस्ता नाही दिसणार."

"दिसतंय," हे म्हणाले. मग गाडी सुरू करून थोडं थांबले. मागे कोणी नीट बसेपर्यंत आपण थांबतो, तसे.

पण रस्त्याला लागलो आणि मी सगळं विसरले. वारा तोंडावर येत होता, इंजिन घड्याळासारखं चालत होतं आणि हे बोलत होते. नदीवरच्या पुलापाशी आलो तर थेट खांबांवर घसरले. पाया किती खोल, पाण्याचा जोर कुठे येतो, सगळं. ऐकताना माझे डोळे भरून आले. माझा माणूस मला परत मिळाला होता.

"नाही, तो पूल नंतरचा," हे म्हणाले.

मी काहीच विचारलं नव्हतं.

"तसंही करता आलं असतं," थोड्या वेळाने म्हणाले. नजर आरशात होती. "पण खर्च वाढतो ना."

उरलेला रस्ता मी हात मांडीखाली दाबून बसले. घराशी आल्यावर यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

पॅनेलवर लाल दिवा लागला. पुढच्या डाव्या दाराचा. माझ्या बाजूचा.

मी वाट पाहिली. तो विझला नाही.

"उतरतेस का जरा?" हे म्हणाले.

"दोघंही उतरू ना. घर आलं."

"एक फेरी अजून मारतो. मघापासून मागे अवघडून बसावं लागतंय. आता थोडं पुढे बसू दे."

"कोणाला?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. नजर माझ्यावरून सरकून आमच्या खिडकीकडे गेली आणि तिथेच थांबली.

"कोणाला हो? सांगा ना. बोला काहीतरी."

"हं," हे म्हणाले.

मी पट्टा काढला. बाजूवरून पाय टाकला आणि उतरले.

माझं वजन गेल्यावर गाडी त्या बाजूने जराशी वर आली. मी बाजूला सरले, जागा करून दिल्यासारखी. गाडी पुन्हा तेवढीच खाली बसली. पॅनेलवरचा दिवा विझला.

हे खुशीत आले. मला हात केला आणि निघाले. मी एप्रन घालूनच गेले होते. खिशात तो उपटलेला दिवा होता, तो मुठीत धरून मी फाटकाशी उभी राहिले. गाडी सावकाश कोपऱ्यापर्यंत गेली. हे एका हाताने हवेत पुलाची कमान काढून दाखवत होते. मग हात थांबला. मान डावीकडे कलली, आणि हे थोडा वेळ शांतपणे ऐकत राहिले.

मग मोठ्याने हसले. माझ्या कुठल्याही बोलण्यावर हे असे कधी हसले नव्हते.