हो आई, जेवलो

मुंबईत चारकोपच्या सेक्टरात राहणारा सुबोध रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा, आणि सगळ्या बिल्डिंगला त्याचं कौतुक होतं. पोरगा शिकला, साकीनाक्याच्या ऑफिसात चिकटला, आईबापांनी कोकणातून येऊन काढलेल्या खस्तांचं चीज झालं, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, इस्त्रीचा शर्ट दिसला की त्यांचं समाधान होतं. सुबोधची नोकरी दिवाळीनंतरच गेली होती. घरी त्याने सांगितलं नव्हतं. बहिणीचं, श्रुतिकाचं, लग्न ठरत होतं आणि पाहुण्यांना 'भाऊ मोठ्या कंपनीत आहे' असं आधीच सांगून झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज सांगू, उद्या सांगू करता करता ती मूठ उघडायचीच त्याला भीती वाटायला लागली.

पण दिवस ढकलणं सोपं नसतं. बागेत बसलं तर म्हातारे चौकशी करतात, मॉलमध्ये बसलं तर वॉचमन रोखून बघतो. एका दुपारी इंडस्ट्रियल इस्टेटच्या बाहेर तो टपरीवर चहा पीत उभा असताना एक जण जवळ आला. वय तिशीच्या आतलं, फॉर्मल शर्ट, पाठीला बॅग. गळ्यात आयकार्ड होतं, पण उलटं, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. बसायला जागा हवी आहे का, असं त्याने इतक्या सहज विचारलं की सुबोध हो म्हणून गेला.

तो त्याला इस्टेटमध्ये घेऊन गेला, तिथे दुसऱ्या मजल्यावर एक बंद पडलेलं ऑफिस होतं. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यांतून पिवळट उजेड झिरपत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र अंगाला चिकटणारा गारवा होता. ओल धरलेल्या गालिच्याचा वास येत होता, आणि त्याच्या खाली कुठेतरी आंबलेल्या भाताचा. खुर्च्यांवर सात-आठ जण बसले होते. सगळे तरुण, सगळ्यांच्या मांडीवर बॅगा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. खरं सांगायचं तर सुबोधला बरं वाटलं. 'सध्या काय करतोस' असं इथे कुणी विचारणार नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्याने खुर्चीत पाय लांब केले.

जेवायची वेळ झाली तसे सगळ्यांनी एकदम डबे उघडले. सुबोधने सवयीने शेजारच्याच्या डब्यात डोकावलं. डबा रिकामा होता. पलीकडच्याचाही रिकामाच. तरी सगळे घास उचलत होते, चावत होते, बोटं चाटत होते. खोलीत आवाज फक्त झाकणांचा. मग सगळ्यांनी फोन काढून कानाला लावले. वाजला एकाचाही नव्हता. स्क्रीन काळ्या ठिक्कर होत्या, एकाची तर काच पार पिचलेली होती.

"हो आई, जेवलो..."

"मस्त चाललंय..."

"मीटिंगमध्ये आहे गं. नंतर बोलू..."

सगळे एकाच पट्टीत, एकाच गोड आवाजात बोलत होते. पुढच्या खुर्चीवरच्याने फोन खाली ठेवला आणि सावकाश मान वळवली. तो मिहिर होता. शेजारच्या बिल्डिंगमधला, कॅरमला कायम सुबोधचा पार्टनर. गेल्या वर्षी त्याने आपला जीव दिला होता. तेराव्याला सुबोधने स्वतःच्या हाताने पंगत वाढली होती. तेव्हा लोकांनी तोंडाला येईल ते कारण काढलं. पोरगी असेल, दारू असेल, आजकालच्या पोरांना काही सोसतच नाही. त्याचं काम कधीच सुटलं होतं आणि तो रोज नुसता बाहेर जाऊन बसायचा, हे त्याच्या आईला तो गेल्यावर कळलं. त्याला जिवंतपणी कुणी धड विचारलं नव्हतं. सुबोधनेही नाही.

"घरी सांगितलंस?" मिहिरने हळूच विचारलं.

"नाही..."

"मग बस ना यार. सांगितलं की इथली जागा जाते..."

तेवढ्यात सुबोधचा फोन वाजला. त्या खोलीत खरोखर वाजलेला तेवढाच. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आई होती, जेवलास का विचारत होती. आई, मला इथून ने, असं त्याला ओरडायचं होतं. ओठ हलले, आणि आवाज निघाला तो त्याच पट्टीत, तसाच गोड.

"हो आई, जेवलो. मस्त चाललंय."

मिहिर समाधानाने हसला. त्याने आपल्या शेजारची रिकामी खुर्ची हाताने पुसली आणि सुबोधकडे सरकवली. सुबोध उठला तो जिना कसा उतरला, रस्ता कसा गाठला, त्याचं त्याला कळलं नाही.

घरी आल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं, नोकरीचं आणि त्या खोलीचंही. सांगताना तो लहान पोरासारखा रडला. आई, जानकी, पदर तोंडाला लावून बसली. श्रुतिकाने उठून त्याच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, लग्न थांबलं तर थांबलं, भाऊ कुठून आणू? वडील, धाकू, एकेकाळचे गिरणी कामगार आणि आता कुर्ल्याला एका गोदामावर वॉचमन, उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आले.

"नोकरी गेली म्हणान जीव जाणा नाय, झिला," ते म्हणाले. "उद्या घरातच जेव."

त्या रात्री सुबोध पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

सकाळी वडील युनिफॉर्म घालून निघायच्या तयारीत असताना दारावर टकटक झाली. जोरात नाही, बोटाच्या पेराने केल्यासारखी.

"सुबोध... चल ना. उशीर होतोय."

मिहिरचा आवाज. आईने सुबोधचा दंड घट्ट धरला. वडील दाराशी गेले. दार न उघडता, कडीवर हात ठेवून ते म्हणाले, "तो येवचो नाय. तेणा घरात सांगितल्यान."

मग पावलं जिना उतरू लागली. एकाची नव्हती, बऱ्याच जणांची होती. सुबोधने श्वास सोडला. सुटलो, असं त्याला वाटलं. तोच खालच्या वळणावरून दुसराच एक आवाज आला. म्हातारा, घोगरा, मालवणी.

"आणि तू रे, धाकू? तू तरी येतंस?"

बिल्डिंगमध्ये वडिलांना सगळे धाकूकाका म्हणायचे. असं एकेरीत हाक मारणारं आता मुंबईत कुणी उरलं नव्हतं. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यावर आश्चर्य नव्हतं. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गिरणी बंद पडल्यावर रोज डबा घेऊन वडील कुठे जाऊन बसायचे, आणि आता रोज कुठे जातात, हे आपण कधीच विचारलं नाही, हे सुबोधच्या त्या क्षणी लक्षात आलं. तो धावत पुढे गेला आणि त्याने वडिलांचे दोन्ही खांदे धरले.

"बाबा, काय आहे ते सांगा. आत्ता, इथेच. आम्ही सगळे आहोत ना... बोला."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं. मग त्यांनी नजर चुकवली, बॅग खांद्यावर नीट केली आणि हसले.

"काय नाय रे," ते म्हणाले. "सगळा बरा आसा."

आणि खाली उतरत गेलेली पावलं पुन्हा जिना चढू लागली.