आप्पांच्या नावाआधीचं ‘कै.’

गुप्तहेर हेमकांत खैरनारच्या नंदुरबारच्या कचेरीत रूपाली आली ती लग्नपत्रिका टेबलावर आपटतच. "वाचा!"

नवरीच्या आजोबांचं नाव असं छापलं होतं : ‘कै. भिला तानाजी पाटील, नामांकित अश्वपारखी, सारंगखेडा.’

"आणि आजोबा?"

"धडधाकट! सकाळपासून आमच्या छापखान्यात बसून शिव्या घालताहेत. पत्रिका वाटून झाल्या. उद्या हळद, आणि आप्पा मांडवात यायला तयार नाहीत. शेठ आज मला काढणार!"

"टाइप कुणी केलं?"

"मीच. आम्ही पत्रिका अक्षरजुळणीच्या संगणकी भाषेत लिहितो. नावाची सुरुवात टाइप केली की प्रोग्राम ते नाव असलेली अख्खी ओळ सुचवतो. मी ‘भि’ लिहिलं आणि घाईत न बघता एन्टर मारला. तेवढी चूक माझी. पण तो स्वतःच्या मनाने काही रचत नाही हो! त्या संगणकावर आधी कुणी लिहिलेलंच सुचवतो. ते मी लिहिलं नव्हतं."

"भाऊबंदकी!" अमृत म्हणाला. हेमकांतच्या या मित्राला हरवलेल्या म्हशीतही भाऊबंदकी दिसायची. हेमकांतने कपाळावर हात मारला आणि तिघे निघाले.

छापखान्यात मालक अभिनंदनशेठ घाम पुसत होते. "संगणक रूपालीचा. ती रजेवर असली तरच मी बसतो. मला काही माहीत नाही," ते आप्पांकडे बघत म्हणाले.

आप्पांचा मुलगा नवनीत वैतागला होता. "आम्ही नुस्तं नाव दिन्हं व्हतं. प्रूफ मी वाचं नही, ओके करी टाकं. पण अश्वपारखी? बापनी आणेल एक बी घोडा सरळ चालना नही!"

"गप बैस!" आप्पा गरजले. "बाकी बठ्ठं बरोबर शे. ते ‘कै.’ कोणी लिखं ते सांग!"

हेमकांत खुर्चीत टेकला. "दुश्मनाने ‘कै.’ लिहिलं असतं, पण वर कौतुक कशाला करेल? मुलाला ते मान्य नाही. रूपालीला मिळालेल्या मजकुरात ते नव्हतं. ‘अश्वपारखी’ इथे फक्त एकाच माणसाला खटकलं नाही."

सगळे आप्पांकडे वळले.

"म्हणजे दोन्ही शब्द आप्पांनीच एकत्र लिहून घेतले. मेल्यानंतरच्या गंधमुक्तीच्या पत्रिकेत. स्वतःच्या! रूपालीच्या रजेत ती शेठनी जुळवली. म्हणून त्यांची नजर सारखी आप्पांकडे जाते."

"कुणाला सांगणार नाही, असा आप्पांना शब्द दिला होता," शेठ पुटपुटले. "संगणक ते ध्यानात ठेवेल हे मला काय ठाऊक?"

आप्पा उसळले. "मन्हामागे पोरे दोन शब्द तरी धड लिखतीन का? म्हणून मीच लिखी ठेवं!"

"आणि तुमच्या शब्दापायी माझी नोकरी घालवत होता, शेठ?" रूपालीला रागाने रडू फुटलं.

आप्पांची मान खाली गेली. "पोरी, तुन्ही नोकरी कोठे जात नही. हळदले मी येसू."

"नवी पत्रिका मी जुळवते. पण पाहुण्यांना फोन शेठ करतील. एकूण एक!"

शेठनी मुकाट्याने पहिला नंबर लावला. धडगावला, आप्पांच्या थोरल्या बहिणीला, भिकुबाईंना. पत्रिका तिथे नुकतीच पोचली होती. शेठनी तोंड उघडण्याआधीच पलीकडून हंबरडा ऐकू आला. त्यांनी फोन आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी तो कानाला लावला. मग हळूच म्हणाले, "रडू नको वं, ताई. मी शे ना."