गाडी कुठं हाय?

टेबलावर काडेपेटीएवढा एक ट्रॅकर होता, एक रिले, दोन फ्यूज, लाल वायरीचं एक वेटोळं, काळ्या चिकटपट्टीचे तीन रोल (त्यातला एक संपलेला) आणि गार झालेल्या चहाचे दोन कप. टेबलामागं एक माणूस होता. त्यानं "दोनच मिनिटं" असं आतापर्यंत सहा वेळा म्हटलं होतं. पहिल्या वेळेपासून सहाव्या वेळेपर्यंत सत्तेचाळीस मिनिटं गेली होती.

"तुमचं एक मिनिट किती सेकंदांचं असतं?" मी विचारलं.

त्यानं दातात धरलेली वायर काढली. "मॅडम, तुमी घड्याळ लावून बसलाय व्हय?"

"हो."

"मग बरंय. मला टाइम सांगत जावा. माझं घड्याळ बंद हाय."

साताऱ्यातल्या त्या दुकानाच्या पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. तो पुन्हा गाडीखाली सरकला आणि मला फक्त त्याचे चपलेतले पाय दिसत राहिले. मी चरफडत बसले.

गाडी माझ्यासाठी चैन नव्हती. मी एम.एस्सी. झाले, आणि आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासून द्यायला लागले. चाळीस चाळीस बाटल्या एसटीतून नेता येत नाहीत. पहिली गाडी आटपाडीच्या शनिवारच्या बाजारातून गेली. आबा, म्हणजे माझे वडील, चहा प्यायला अकरा पावलं लांब गेले होते. परत आले तर गाडीच्या जागी तेलाचा एक डाग होता. ही दुसरी, जुनी, पांढरी गाडी घेताना त्यांनी साफ सांगितलं होतं, "ही बी गेली, न्हाईतर सारखी बंद पडाय लागली, तर इकायची. मग तू पुण्याला मामाकडं जायाचं आन् कंपनीत नोकरी करायची. मला ह्यो घोर न्हाई झेपत."

म्हणून गावी नेण्याआधीच मी गाडी इथं आणली होती. ट्रॅकर गाडी कुठं आहे ते मोबाइलवर सांगतो. आणि चोरस्विच म्हणजे लपवलेलं एक बटण. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, इंजिन उठत नाही.

"झालं," तो बाहेर येत म्हणाला. गालावर ग्रीसचा पट्टा. "आता कान इकडं करा."

"का?"

"जागा सांगायची हाय. मोठ्यानं सांगत न्हाई."

दुकानात आम्ही दोघंच होतो. तरी मी कान पुढं केला. त्यानं हळूच सांगितलं. सगळे मिळून सहा शब्द. ती जागा मी इथं लिहिणार नाही.

"तुमी आन् तुमच्या आबांना, दोघांनाच ठावं पायजे," तो म्हणाला.

"तिसरे तुम्ही."

"मी इसरतो."

"म्हणजे?"

"बसवलं की इसरायचं. धंद्याचा नियम हाय माझा."

"आणि विसरायला किती वेळ लागतो?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. "गाडीवर हाय ते…" असं काहीतरी पुटपुटून तो हात पुसायला वळला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं. ते त्याला सापडायला बराच वेळ लागला.

त्याचं नाव जयराज. मूळचा औंधचा. वडील फौजेत रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून हात शिकलेला. हे सगळं मला फोनवर कळलं, कारण बाराव्या दिवशी गाडी बंद पडली.

"बॅटरी उतरली आहे," मी कडक आवाजात म्हणाले. "तुमच्या वायरिंगमध्ये दोष आहे."

"माझ्या वायरिंगमधी दोष नसतो."

"हे सिद्ध कसं करणार?"

"तुमी जेवला का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"उपाशी माणसाला सगळीकडं दोष दिसत्यात, मॅडम."

मी फोन आपटला. मग मीटर घेऊन स्वतः तपासलं. गाडी उभी असताना ट्रॅकर झोपतो आणि त्याला आठ मिलिअँपिअर वीज लागते. अगदी किरकोळ. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा आठ. आबा शेजारी घोंगडीवर बसून तंबाखू मळत बघत होते. तरीही गाडी तीन दिवस फिरली आणि नंतर चार दिवस दारात उभी राहिली, की पाचव्या सकाळी नुसतं टक्-टक्. दर वेळी धक्का मारायला गल्ली गोळा व्हायची. जयराजला केलेला पहिला फोन तीन मिनिटांचा होता. पाचवा एकतीस मिनिटांचा. त्यातली बॅटरीवरची चार.

अशातच खंडेनवमी आली.

आबांनी सकाळी गाडी धुतली. झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी आत बाटल्या धूत होते. बाहेर आले तर ड्रायव्हरचा दरवाजा सताड उघडा, आणि आबा आत वाकलेले. हातात हळदीकुंकवाचं ताट. मागं गल्लीतली अकरा माणसं कौतुकानं बघत उभी.

"आबा, काय करताय?"

"बटणाची पूजा. त्येच तर राखण करतंय की गाडीची! राखणदाराला कुकू नको व्हय?"

तेव्हा आता ती जागा लिहायला हरकत नाही, कारण ती अख्ख्या गल्लीला माहीत आहे : ड्रायव्हरच्या सीटखाली, डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला. तिथं हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट आणि झेंडूचं एक टपोरं फूल होतं.

मी जयराजला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"…फूल बी?" त्यानं विचारलं.

"फूल बी," मी म्हणाले.

"आता जागा बदलाय लागंल. परवा येतो."

दोन दिवसांनी सकाळी गाडी पुन्हा बंद.  मेंढरं सोडताना आबा फक्त म्हणाले, "विट्याचं गिऱ्हाईक शनवारी येतंय गाडी बघाय." आणि काठी घेऊन माळाकडं निघून गेले. त्या दिवशी बुधवार होता. कपाटात पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. मी ते उघडून पाहिलं आणि परत ठेवलं.

अकराच्या सुमारास जयराज आला. मोटरसायकलवर, पापण्यांपर्यंत धुळीनं भरलेला. तांब्यातलं पाणी एका दमात प्यायला आणि शर्टाच्या खिशातून चुरगळलेलं आपट्याचं पान काढलं.

"सोनं घ्या."

"दसरा काल झाला."

"एक दिस उशीर. तुमी मोजणार, ठावं हुतं मला."

मी पान घेतलं. त्याच्या तळहाताला सोल्डरिंगचा जुना चट्टा होता. मला तो बघायचा नव्हता, पण दिसला.

त्यानं बॅटरीची तार सोडून मध्ये मीटर लावला. आकडा आला आठ.

"बघा," तो म्हणाला.

"आठ मलाही आला होता. तरी गाडी बंद पडते."

"म्हंजे माझ्या वायरिंगमधी दोष न्हाई."

"म्हणजे आपण चुकीच्या वेळी मोजतोय! एवढं साधं…"

तेवढ्यात मीटरवरचा आकडा उडाला. आठाचे एकशे नव्वद झाले.

आम्ही दोघं एकदमच वाकलो आणि डोकं डोक्यावर आपटलं.

"आई गं!"

"लागलं का?" त्याचा हात माझ्या कपाळापर्यंत आला आणि तिथंच थांबला. बोटांना ग्रीस होतं. "…लय न्हाई ना?"

"मीटर बघा," मी म्हणाले. 

एकशे नव्वद तसाच राहिला. जयराजनं सांगितलं, कुणी मोबाइलवरून विचारलं की ट्रॅकर जागा होतो, गाडीची जागा कळवतो आणि मग दहा मिनिटं झोपत नाही. मी वेळ लिहायला घेतली. नवव्या मिनिटाला त्याला पुन्हा कुणीतरी विचारलं. मग सातव्या. मग परत नवव्या. तासाभरात तो डबा एकूण चार मिनिटं झोपला.

"कोण विचारतंय एवढं?" मी म्हणाले.

जयराजनं लॅपटॉप उघडला. ट्रॅकरला तीन नंबर जोडलेले होते : माझा, आबांचा आणि वर्षभराच्या वॉरंटीसाठी त्याचा स्वतःचा. ट्रॅकर बसवल्यापासूनच्या विचारणांची नोंद समोर आली. माझ्या नंबरवरून एकोणतीस. जयराजच्या नंबरवरून शून्य. आबांच्या नंबरवरून सहा हजार चारशे बारा.

 मी मोजायचे तेव्हा आबा शेजारी असायचे. गाडी डोळ्यांपुढं असताना ते मोबाइलला कशाला विचारतील? ते विचारायचे माळावरून. दिवसभर.

"आठवडे घातले यात! फोनवर फोन केले! मीटर घेऊन उन्हात बसले! आणि हे माळावर बसून…"

"सोडा वो. आता फ्यूज काढून सगळं नव्यानं लावतो." जयराज हसू दाबत होता. त्याला नीट जमत नव्हतं.

त्यानं फ्यूज काढला. ट्रॅकर मुका झाला. तो सीटखाली शिरून बटण सोडवायला लागला, मी टॉर्च धरला. वीसेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात माळाच्या बाजूनं कुणीतरी ओरडत येताना ऐकू आलं.

आबा पळत येत होते. मुंडासं हातात, पायात एकच वहाण. मागं मेंढरं वाटेल तशी पांगलेली. आयुष्यात मी आबांना मेंढरं टाकून पळताना पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावर वळले, त्यांना गाडी दिसली आणि ते जिथल्या तिथं मातीत बसले.

"त्यो बोलंना झाला…" त्यांना धाप आवरत नव्हती. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "इचारतोय, इचारतोय… गाडी कुठं हाय त्ये सांगंनाच. मला वाटलं, गेली. आकराच पावलं गेलतो गं मी तवा. आकरा!"

मघापासून त्यांना बरंच सुनवायचं ठरवलं होतं; त्याऐवजी मी तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं.

जयराज त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आबा, मेंढरं दिसातनं किती येळा मोजता?"

"सकाळी सोडताना. दुपारी पाण्यावर. सांजंला वाड्यात घालताना."

"मधी न्हाई?"

"मधी कशाला? मधी सारखं मोजत बसलं तर ती चरत्याल कवा?"

"मग गाडीला बी चरू द्या की," जयराज म्हणाला. "तुमी सारखं उठवताय तिला. तिची झोप मोडती, आन् झोप मोडली की सकाळी उठत न्हाई. तीनदाच इचारा. सकाळी, दुपारी, सांजंला. मधी कुणी हात लावला, तर डबीच तुमाला हाक मारंल. आज तसं लावून देतो."

आबांनी मोबाइलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हंजे गाडी मीच बंद पाडत हुतो?"

"व्हय," मी म्हणाले.

 ते उठले, दुसरी वहाण शोधायला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "विट्याच्या गिऱ्हाइकाला फोन लाव. म्हणावं, येऊ नगंस."

चार वाजेपर्यंत काम झालं. जयराजनं हत्यारं पिशवीत भरली आणि मला गाडीपाशी बोलावलं.

"कान."

मी कान पुढं केला. नवी जागा त्यानं नऊ शब्दांत सांगितली. सांगून झाल्यावरही तो मागं सरकला नाही.

"ह्यावेळी आबांना सांगू नका," तो म्हणाला. "फूल वाहतील."

"आणि तुम्ही? विसराल?"

"मागली बी न्हाई इसरलो." तो गाडीच्या दरवाजाच्या हँडलकडं बघत बोलत होता. "पैल्यांदाच झालं असं."

"मग नियम मोडला तुम्ही."

"मोडला."

मला त्याच्या नंबरपुढचं ते शून्य दुपारपासून टोचत होतं. मी विचारलंच. "तुमचा नंबर ट्रॅकरला जोडलेला होता. मी कुठं आहे ते कधीही बघता आलं असतं. एकदाही नाही बघितलं?"

"न्हाई."

"का?"

"गाडी तुमची." तो थांबला. मोटरसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवली, पुन्हा थांबला. "आन् मला जे इचारायचं हाय, ते तुमाला इचारीन. डबीला न्हाई."

"मग विचारा की! दोन महिने बॅटरीबद्दलच बोलताय."

"बॅटरीचं तुमीच काढायचा…"

"जयराज!"

"उत्कर्षा," तो पहिल्यांदाच म्हणाला, आणि त्याच्या धुळीनं माखलेल्या कानांचा रंग बदलला. "रोज फोन केला तर चालंल का? गाडी नीट असली तरी?"

"चालेल," मी म्हणाले. "पण तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत."

तो हसला. मोटरसायकल सुरू व्हायला त्यानं तीन किका मारल्या. पहिल्या दोन वेळा त्यानं किल्लीच लावली नव्हती.

संध्याकाळी आबा मेंढरं वाड्यात घालत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरगं औंधचं न्हवं?"

"हो."

"आपल्यातलं न्हाई."

"माहीत आहे."

शेवटचं कोकरू आत जाईपर्यंत ते बोटांवर काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी फाटक लावलं. "त्येला मेंढरं मोजाय येत्यात का, इचार एकदा. आलं तर दिवाळीत बोलीव."

पुढच्या आठवड्यात गाडी तीन दिवस फिरली आणि चार दिवस दारात उभी राहिली. पाचव्या सकाळी सात वाजता बॅटरी १२.६ व्होल्ट होती आणि इंजिन पहिल्याच किल्लीला उठलं. सात दिवसांत ट्रॅकरला आलेल्या विचारणा : आबांच्या नंबरवरून तेवीस, माझ्या नंबरवरून दोन, जयराजच्या नंबरवरून शून्य. जयराजचे मला आलेले फोन : एकोणीस. सर्वांत छोटा, बावन्न मिनिटांचा.