निळ्या व्हॅनचं छत

"सगळी स्टिकरं काढायची. एकही ठेवायचं नाही," संघर्ष म्हणाला आणि माझ्या हातातला कटर थांबला.

पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडला आमचं रेडियमचं दुकान आहे. बाबा गल्ल्यावर बसतात, स्टिकरं मी कापते आणि मीच लावते. संघर्षची निळी व्हॅन, आत बिछाना, शेगडी, सगळा संसार, दोन वर्षं आमच्याकडेच येते. दर सहलीनंतर एक स्टिकर. हरिहरेश्वर, भंडारदरा, आंबोली... आणि दर वेळी तासभर गप्पा.

"का हो, एकदम सगळी?"

"गाडी विकतोय. चाकणला नोकरी लागली, शिफ्ट सोडून फिरणार कधी? गिऱ्हाईक पाचला इथेच येतंय."

म्हणजे त्याचं इथे यायचं निमित्तच संपलं. पण त्याहून मोठी भीती छतावर होती. दीड वर्षापूर्वी तो चहाला गेला असताना मी शिडी लावून वर चढले आणि वीतभर अक्षरांत दोन नावं चिकटवली. आम्रपाली. संघर्ष. कुठून अवदसा आठवली कोण जाणे. आम्ही बैठ्या घरात राहणारी माणसं. गाडीचं छत कावळ्यांशिवाय कोण बघणार, एवढीच माझी अक्कल.

"आधी छत करते," मी म्हणाले.

"वर कशाला चढताय? वर काय आहे?"

"काही नाही... धूळ."

हीट गनच्या गरम हवेनं अक्षरं पटापट निघाली. हुश्श म्हणणार, तेवढ्यात खालचा रंग दिसला. उन्हानं सगळं छत विटलं होतं, फक्त अक्षरांखालचा रंग कोरा करकरीत राहिला होता. दोन्ही नावं आधीपेक्षा ठळक. मनगट दुखेपर्यंत पॉलिश घासलं. नावं हटेनात.

शिडी करकरली.

"वर नका येऊ हो..." मी म्हणाले. तो आलाच. त्यानं वाचलं. आता हा हसणार, बाबांना सांगणार... मी फडकं घट्ट धरून बसून राहिले.

"वाकडला माझा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे," तो हळूच म्हणाला. "गाडी बाल्कनीखालीच असते. रोज सकाळी वाचतो."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "मग दीड वर्ष बोलला का नाहीत?"

"भीती वाटली. तू हसण्यावारी नेलं असतंस तर परत कुठल्या तोंडानं आलो असतो?" तो थांबला. "आंबोलीला मी कधी गेलोच नाही. भंडारदऱ्यालाही नाही."

"मग ती स्टिकरं?"

"तू कापायचीस ना..."

खालून बाबांची हाक आली. "आम्रपाली, झालं का? गाडीचं गिऱ्हाईक आलंय."

आम्ही दोघंही दचकलो.

"काय सांगू त्याला?" त्यानं विचारलं.

मी फडकं खाली ठेवलं. मग बोलले, पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत.

"सांग... अजून आंबोली बघायची राहिलीय."